मधला चौकोन

आम्रपालीबाई कुणाकडे पाहुण्या म्हणून निघाल्या की त्या घरातली कपाटं आधी बंद व्हायची. यात थोडी भर घातलेली असेल, पण फार नाही. येरवड्याच्या त्यांच्या नणंदबाईंनी एकदा, ‘आम्रपाली येतेय’ असा फोन आल्याबरोबर दोरीवरची सुती चादर ओढून गादीखाली ढकलली होती. आम्रपालीबाईंनी चहा घेतला, पोहे खाल्ले, सगळ्यांची विचारपूस केली आणि निघताना गादीचा कोपरा उचलून विचारलं, "ही जुनीच ना हो, ताई?"

चादर पिशवीत गेली. नणंदबाई आठवडाभर धुसफुसल्या.

उभं आयुष्य पोस्टाच्या खिडकीमागे काढून आम्रपालीबाई निवृत्त झाल्या होत्या. निरोपसमारंभात सहकाऱ्यांनी खांद्यावर शाल घातली, तेव्हा भाषण ऐकायचं सोडून त्या शालीची कड उलटी करून टाके बघत होत्या. तेव्हाच यजमान संतोषराव काय ते समजले. महिन्याभरात धनकवडीच्या त्यांच्या फ्लॅटमधला सोफा भिंतीला लागला, तो पुन्हा मध्ये आला नाही. जमिनीवर गोधडी अंथरलेली, तिच्या चार कोपऱ्यांवर वरवंटा, बत्ता, बंद पडलेली इस्त्री आणि संतोषरावांचा वजनकाटा. संतोषराव एसटीतून निवृत्त झालेले, वळणाच्या रस्त्याची त्यांना सवय होतीच. ते भिंतीच्या कडेकडेनं स्वयंपाकघर गाठायला शिकले.

आठवड्याची वाटणी ठरलेली होती. बुधवार आणि रविवार जुन्या बाजाराचे. बाकीचे दिवस नातेवाइकांचे, आणि घरी असतील ती प्रत्येक दुपार सुईदोऱ्याची. या तिघांनी एकमेकांवर कुरघोडी करायची नाही, असं त्या स्वतःला बजावायच्या, आणि दर आठवड्याला जुना बाजार कुरघोडी करायचा. तिथे पितळी दिव्यांपासून एका पायाच्या बुटापर्यंत सगळं मिळतं, पण बाईंचा मुक्काम जुन्या कपड्यांच्या ढिगाऱ्यापाशी. तिथे त्यांच्या अंगात वारं शिरायचं. कापड बोटांत चोळायचं, उजेडात धरायचं, नाक मुरडायचं, पाठ फिरवायची, चार पावलं जायचं आणि विकणाऱ्याची हाक येण्याची वाट बघायची. हे सगळं त्या आपल्या आईकडून शिकल्या होत्या. लोणी काळभोरच्या आठवडे बाजारात आई यायला लागली की भाजीवाल्या म्हणत, "आली चंद्रभागा, आता भाव सांगूच नका, तिलाच विचारा."

आणि आता तर निमित्तही केवढं मोठं! मुलीला, सोनालीला, मुलगी झाली होती. घरातली पहिली नात. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला नामकरण ठरलं. बाईंनी जाहीर करून टाकलं, की बाळाला नामकरणाच्या दिवशी निजवायचं ते आजीच्या गोधडीवर, आणि त्या गोधडीत घराण्यातल्या झाडून सगळ्या बायकांचं कापड असेल.

"आई, प्लीज, कुणाकडे मागत फिरू नकोस हं," सोनाली फोनवर म्हणाली. "ऑनलाइन इतक्या क्यूट गोधड्या मिळतात."

"त्यात तुझ्या आत्याची चादर असते का?" आम्रपालीबाईंनी विचारलं आणि फोन ठेवला.

गोधडी कडेकडून शिवत शिवत मध्ये यायचं, ही आईची रीत. आधी जुन्या कापडाचे थर एकावर एक पसरायचे, ते गोधडीचं पोट. मग वर ठिगळं लावत, धावदोरा घालत, चारी बाजूंनी आत सरकायचं. पोटासाठी कापड लागतं ते मऊ, पुष्कळ धुतलेलं आणि स्वस्त. दिवाळीत सगळं पुणं घरं आवरतं, त्यामुळे दिवाळीनंतरच्या बुधवारी जुना बाजार नुसता ओसंडून वाहत असतो. त्या दिवशी बाईंनी पोटासाठी एक मोठा गठ्ठा मारला आणि विजयी मुद्रेनं घरी आल्या. धुण्याचं खातं संतोषरावांकडे होतं. बाजारातलं कापड सोड्याच्या कढत पाण्यात उकळून काढल्याशिवाय ते घरात येऊ देत नसत. गच्चीवरून वाळलेली घडी घेऊन ते खाली आले आणि म्हणाले,

"हे बघ गं, कुणी तरी काय सुंदर रफू केलंय. टाका दिसतसुद्धा नाही."

"माझ्यापेक्षा बारीक?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

"मी या घरात राहतो," संतोषराव म्हणाले. "उत्तर देणार नाही."

"रफू होतं हे तिथेच दिसलं असतं तर अजून भाव पाडला असता," बाई म्हणाल्या आणि तो थर पसरून त्यावर ठिगळं मांडायला लागल्या.

महिनाभर गोधडी भरत गेली. नणंदबाईंची चादर आली, दापोडीच्या चुलत बहिणीची पिवळी साडी आली, सोनालीच्या सासूबाईंनी आपण होऊन एक नवीकोरी साडी दिली तर ती बाईंनी परत पाठवली, ‘आधी वापरा, मग द्या’ म्हणून. आता फक्त मधला चौकोन राहिला होता. चारी बाजूंनी रंगीबेरंगी ठिगळं आणि मध्ये पोटातलं फिकट, विटलेलं कापड उघडं. ती जागा आईची होती.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. तिचं एक निळं लुगडं, लाल काठाचं, काठात पिवळी रेघ, लोणीला भावाच्या घरी पत्र्याच्या पेटीत होतं. गावात सभा असो, लग्न असो, की पौर्णिमेला विहारात वंदनेला जायचं असो, आई तेच नेसायची. आम्रपाली चौथीत असताना शिष्यवृत्तीच्या परीक्षेला भाकरी न घेताच शाळेत गेली, तेव्हा आई उसाच्या रानातून आडवाटेनं धावत आली होती. कुंपणाच्या तारेनं लुगडं टरकन फाटलं. "फाटलं तर शिवता येतं, परीक्षा शिवता येत न्हाय," असं म्हणून तिनं भाकरी हातात दिली होती. आम्रपालीबाईंच्या नोकरीची, निवृत्तिवेतनाची, या फ्लॅटची सुरुवात तिथून होती, असं त्या मानत. नातीनं त्या लुगड्याला पाठ टेकावी, एवढं एकच त्यांना हवं होतं. बाकी सगळी गोधडी म्हणजे त्या चौकोनाचं कुंपण.

मग ते लुगडं त्यांनी आधीच का नाही आणलं? कारण लोणीला जायचं ठरलं की वाटेत बाजार आडवा यायचा. दिवाळीआधी तीनदा त्यांनी भावजयीला, कौशल्याला, ‘येते गं’ म्हणून कळवलं आणि तिन्ही वेळा स्वारगेटला लोणीची बस पकडायच्या ऐवजी पाय जुन्या बाजाराकडे वळले. लुगडं काय, पेटीतच आहे, ते कुठे पळून जातंय!

पौर्णिमा गुरुवारी होती. मंगळवारी बाई एकदाच्या लोणीला पोचल्या.

कौशल्यानं दारातच पायांवर पाणी घातलं, पाट मांडला, गरम भाकरी वाढली. भाऊ समाधान शेतावर गेला होता. बाईंचं जेवणात लक्ष नव्हतं. हात धुतला न धुतला तोच म्हणाल्या, "कौशल्या, आण बघू आता आईचं लुगडं. नातीच्या गोधडीत मधोमध बसवणार आहे मी. असं दिसेल ना, बघत राहशील!"

कौशल्या पेटीपाशी गेली. पेटी उघडली. मग नुसतीच तिच्यात बघत उभी राहिली.

"ताई," ती म्हणाली, "पेटीत न्हाय."

"मग?"

"दिवाळीच्या आदी रंग काढायचा हुता. सगळं भाईर काढलं. जुन्या कपड्यांचं गठुळं बांधून ठिवलं आन् बोहारीण आली. तिला दिलं." कौशल्यानं पेटीचं झाकण लावलं. "आत आत्याबाईंचं लुगडं हाय ह्ये ध्यानातच न्हाय आलं, ताई. माझ्या गळ्याची आण. तुमी तीन डाव येतो म्हनलात. दर डावाला मी पोह्याला कांदा चिरून ठिवला. एकदा जरी आला असतात तरी ते तुमच्या हातात पडलं असतं."

आम्रपालीबाईंना ओरडायचं होतं. तोंड उघडलंही. पण तीन वेळा चिरून वाया गेलेला कांदा आडवा आला. त्यांनी पदरानं डोळे पुसले. मग विचारलं, "काय दिलं बोहारणीनं?"

कौशल्यानं फडताळातून एक स्टीलचं पातेलं काढलं. चांगलं मोठं, जाड बुडाचं, अजून चकचकीत. बाईंनी ते हातात घेऊन वाजवून बघितलं. एवढ्या दुःखातही त्यांना कळलं की कौशल्यानं सौदा चांगला केला होता.

"कोण होती? कशी होती?"

"म्हातारी. नाकात मोठी नथनी, डोक्यावर भांड्यांची पाटी. वेणूबाई म्हनून हाक मारत्यात तिला. हडपसर, मांजरी, लोणी, सगळीकडं हिंडती."

आम्रपालीबाई ताडकन उठल्या. वेणूबाई! जुन्या बाजारात चिंचेच्या झाडाखाली बसणारी वेणूबाई. गेली कित्येक वर्षं या दोघींचं दर बुधवारी भांडण होत होतं. आणि उद्या बुधवारच होता.

"पातेलं दे," बाई म्हणाल्या. "ते देते आणि लुगडं परत घेते. विकलं नसेल. जुनं लुगडं कोण घेतंय?" असं म्हणताना आपणच घेतो हे त्यांच्या डोक्यात आलं नाही.

बसमध्ये बायकांच्या सीटवर मांडीत पातेलं घेऊन त्या बसल्या. कंडक्टरनं वाकून विचारलं, "आजी, याला हाफ तिकीट काढू का?" एरवी बाईंनी त्याला स्वारगेटपर्यंत पुरेल एवढं उत्तर दिलं असतं. आज त्यांनी नुसतं पातेलं छातीशी घट्ट धरलं.

बुधवारी दुकानं मांडली जायच्या आधीच त्या बाजारात हजर. थंडी मी म्हणत होती. कुणी ताडपत्री पसरत होतं, कुणी जुने पंखे ओळीनं मांडत होतं. एका कानटोपीवाल्यानं ओळखून हाक मारली, "बाई, आज मस्त चादरी आहेत!" बाईंनी वळूनही बघितलं नाही, तेव्हा तो जरा काळजीत पडला. चिंचेखालची जागा रिकामी होती. बाई पातेलं घेऊन तिथेच उभ्या राहिल्या. खोटं कशाला बोला, शोधाची ती जुनी झिंग चढली होती. अख्ख्या पुण्यातून एक लुगडं हुडकून काढायचं! आज हे जमलं तर जन्मभर सांगता येईल.

इतक्यात रिक्षा थांबली आणि वेणूबाई उतरली. तिच्या पाठोपाठ एक अवाढव्य गाठोडं उतरलं. बाईंची नजर गाठोड्यावर गेली आणि तिथेच अडकली.

गाठोडं एका लांब पट्टीनं आवळून बांधलेलं होतं. लाल पट्टी, मधून पिवळी रेघ.

"वेणूबाई! हा काठ! हा काठ कुठला?"

"लुगड्याचा," वेणूबाई म्हणाली. "सकाळच्या पारी काय इचारता, बाई? बसू तर द्या."

"निळं होतं ना ते लुगडं? लोणीचं? कुठे आहे ते? मला हवंय. हे घ्या पातेलं, तुमचंच आहे. पैसेही देते."

वेणूबाईनं पातेलं ओळखलं, मग बाईंकडे बघितलं. "लोनीचंच. काठ येगळा इकला जातो, म्हनून कापून काढला. पर कुनी घेतला न्हाय, मग गठुडं बांधायला ठिवला."

"आणि कापड?"

"कापड?" वेणूबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "कापड तुमीच न्हेलं की!"

"मी?"

"तुमी न्हाय तर कोन! दिवाळी झाल्यावरच्या बुधवारी. गोधडीच्या पोटात घालायला पायजे म्हनलात. किती घासाघीस केली त्या दिशी! ह्ये कापड हाय का पोतेरं, असं म्हनलात. कुत्रं बी अंगाखाली घेनार न्हाय म्हनलात. चार डाव निघून गेलात आन् चार डाव परत आलात. माझं डोकं फिरलं, म्हनलं न्ह्या एकदाचं. इसरंन कशी मी?"

आम्रपालीबाई शेजारच्या ताडपत्रीवर बसल्या.

काठ गेल्यावर उरलं होतं ते नुसतं फिकट सुती कापड. बाईंच्या मनात आईचं लुगडं अजून गडद निळं होतं, पेटीतल्या वर्षांनी आणि उन्हाळ्या-पावसाळ्यांनी त्याचं काय केलं असेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. आणि मग त्यांना ते रफू आठवलं. न दिसणारा टाका. उसाच्या कडेचं कुंपण. मान वर करून बघितलं असतं तर!

"काठ केवढ्याला?" त्यांनी विचारलं. वेणूबाईनं सवयीनं अव्वाच्या सव्वा भाव सांगितला. बाईंनी पर्स उघडली आणि तेवढे पैसे मोजून हातात ठेवले.

वेणूबाई घाबरली. "बाई, बरं वाटतंय न्हवं? पानी आनू का?"

"लुगडं माझ्या आईचं होतं, वेणूबाई," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू आलं आणि हसूही आलं, दोन्ही एकदम.

वेणूबाईनं निम्मे पैसे परत त्यांच्या पिशवीत कोंबले. पातेलं मात्र तिनं हाताळूनसुद्धा बघितलं नाही. "दिल्या भांड्याला मी पुन्ना हात लावत न्हाय," ती म्हणाली. "धंद्याची रीत हाय."

घरी येऊन बाईंनी चपला काढल्या न काढल्या आणि गोधडीवर बसकण मारली. मधला चौकोन समोर होता. महिनाभर त्या रोज त्याच्याकडे बघत होत्या, ‘इथे आईचं लुगडं येईल’ म्हणून, आणि इतके दिवस त्या बघत होत्या ते आईचंच लुगडं होतं. त्यांनी तळहात त्यावर ठेवला. मग बाजूच्या ठिगळाखाली बोटं सरकवली. काही लागेना. ते ठिगळ नणंदबाईंच्या चादरीचं होतं. बाईंनी कात्री घेतली आणि आपलेच टाके उसवले. ठिगळ उचललं, तर खाली रफू. बोटभर लांबीचं, तारेनं फाटलेल्या जागी, एकाला एक खेटून घातलेले बारीक टाके.

"अहो, इकडे या! लवकर!"

संतोषराव भिंतीच्या कडेनं नाही, थेट गोधडीवरून आले.

बाईंनी सगळं सांगितलं. कौशल्याचे कांदे, वेणूबाईचं गाठोडं, सगळं. आणि शेवटी म्हणाल्या, "आईच्या लुगड्याला मी पोतेरं म्हणाले हो. भरबाजारात. कुत्रंसुद्धा घेणार नाही म्हणाले."

संतोषरावांनी रफूवरून बोट फिरवलं. मग त्यांनी विचारलं, "आणि भाव किती पाडलास?"

"निम्म्याच्याही खाली."

"मग सासूबाई खूश असतील," संतोषराव म्हणाले. "त्यांनी हेच आधी विचारलं असतं."

बाई इतक्या हसल्या की शेजारच्या दारातून कुणी तरी काय झालं म्हणून डोकावलं.

त्यांनी मधल्या जागेवर काहीही लावलं नाही. रफू उघडं राहील इतका चौकोन मोठा केला, चारी बाजूंच्या ठिगळांच्या कडा आत दुमडल्या आणि त्याला आईच्याच लुगड्याचा लाल काठ चौकटीसारखा शिवला. दिवेलागणीला शेवटचा टाका पडला.

गुरुवारी घर माणसांनी भरलं. भिंतीवरच्या बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना हार घातले होते, मेणबत्त्या लावल्या होत्या. कौशल्या समाधानबरोबर आली ती कोपऱ्यातच उभी राहिली. तिनं रात्रभर काय काय योजून ठेवलं असेल कोण जाणे. बाई तिला हाताला धरून गोधडीपाशी घेऊन आल्या, खाली बसवलं आणि तिचं बोट रफूवर ठेवलं.

"ओळख बघू."

कौशल्यानं काठ बघितला, रफू चाचपलं, आणि पुन्हा काठ बघितला. बाईंनी सगळ्या पाहुण्यांसमोर, स्वतःची फजिती जराही न लपवता, गोष्ट सांगितली. ‘पोतेरं’ या शब्दाशी सगळे हसले आणि कौशल्या सगळ्यांत जास्त हसली, डोळ्यांना पदर लावून. उसवलेलं ठिगळ बाईंनी येरवड्याच्या नणंदबाईंना परत केलं. "एवढ्या तुकड्याचं मी आता काय करू?" असं त्या म्हणाल्या, पण घडी करून त्यांनी पर्समध्ये ठेवलं.

वंदना झाली. सोनालीनं बाळाला गोधडीवर ठेवलं, बरोबर मधल्या चौकोनात. बाळानं हातपाय झाडले, लाल काठ मुठीत धरायचा प्रयत्न केला आणि मग पणजीच्या लुगड्यावर पाठ टेकून शांत पडून राहिलं. नाव ठेवलं उत्कर्षा. आम्रपालीबाईंना एवढंच हवं होतं, आणि आता ते डोळ्यांसमोर होतं. त्या बाळाच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

स्वयंपाकघरातून खीर आली. ती त्याच पातेल्यात केलेली होती. कौशल्या वाढत वाढत बाईंपर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "ताई, आता लोनीला काय न्यायला येनार? पेटी तर रिकामी झाली."

"बुधवारी येते," आम्रपालीबाई म्हणाल्या.

संतोषरावांनी चमचा खाली ठेवला. "बुधवारी बाजार असतो."

"असू दे," बाई म्हणाल्या. "कौशल्या, कांदा चिरून ठेव."